पुजलेला टेलिफोन

चांगोला माणसांची तोंडं सहन होत नसत.

माणसांबद्दल त्याची तक्रार नव्हती. तोंडांबद्दल होती. तो टेलिफोनचा मेकॅनिक होता, आणि लोक तोंडावाटे जे जे टाकतात ते शेवटी त्याच्या हातात येई. रिसिव्हरचं खालचं झाकण फिरवून उघडलं की आत तंबाखूची पूड निघे. सुपारीचे कण निघत. वाळून पापुद्रा झालेली थुंकी निघे. खताच्या दुकानातल्या फोनला खताचा वास येई, सरपंचाच्या फोनला शिळ्या लसणाचा. चांगो खिशात स्पिरिटची बाटली आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या बाळगी. पुसून झालं की चिंधी दोन बोटांत धरून लांब भिरकावी. घरी येऊन साबणानं हात धुई, आणि तरी जेवायला बसण्याआधी बोटं हुंगून बघे.

त्याची बायको इंदूबाई त्यावरून त्याला छळी.

"एवडी किळस येते तर बापाच्या शेतात भात लाव जा. चिखलाला तोंड नस्तं."

"चिखल धुतला की जातो," चांगो म्हणे.

बापाची कडावकडं थोडी भातशेती होती. चांगो सातवीपर्यंत शिकला, तारा ओढणाऱ्या टोळीत लागला, मग खात्याची परीक्षा देऊन मेकॅनिक झाला. सत्तर सालानंतर दोनेक वर्षांनी कर्जत-खालापूर रस्त्यावरच्या एका नाक्याच्या गावात लहान ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं, आणि ते चांगोच्या ताब्यात दिलं गेलं. एक खोली, एक लोखंडी कपाट, जमिनीवर बॅटऱ्यांची रांग. खोलीला लागून त्याचं बिऱ्हाड.

एक्स्चेंज पन्नास नंबरांचं होतं. पण पन्नास जणांना एकदम बोलता येत नसे. कुणी फोन उचलला की कपाटातल्या यंत्राचा एक फिरता हात, फाइंडर, खटखट वर चढे, बाजूला वळे, कुणी उचललाय ते शोधून काढी आणि त्याला टोन देई. तो घुं आवाज आला की नंबर फिरवायचा. बोलून रिसिव्हर खाली ठेवला की फाइंडर सुटून खाली येई आणि दुसऱ्यासाठी मोकळा होई. असे फाइंडर सातच होते. गावात बोलायचं असो की कर्जतच्या ऑपरेटरकडून पुढं मुंबईला, वाट त्या सातांतूनच.

लोक विचारत तेव्हा चांगो पंगतीचं सांगे. "पानं सात मांडलीत. जेवला तो उठला, की दुसरा बसला. आता एकादा जेवून पन उठतच नाय, पानावर बसूनच ऱ्हायला, तर मागचे उपाशी. बोलून झालं की खाली ठेवा, एवडंच सांगतो."

लोक मान डोलावत. त्यांना कळलं आहे असं चांगोला वाटे.

त्या वर्षी खंडेनवमीला त्यानं पहाटे उठून हत्यारं धुतली. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, हातोडी, लाइन तपासायचा हातातला फोन. एक्स्चेंजच्या खोलीत कोपऱ्यात पाट मांडला. पाटामागच्या फळीवर एक्स्चेंजचा स्वतःचा फोन होता, तोही पुसून ठेवला. सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मग तो विहिरीवर पाणी आणायला गेला, तेवढ्यात इंदूबाईनं झेंडूची टोपली आणून ओतली. तो परत आला तेव्हा पाट, फळी, फोन, सगळं केशरी झालं होतं. त्यानं हात जोडले.

पुजलेलं हत्यार दसऱ्याला सोनं लुटेपर्यंत उचलायचं नाही. त्याच्या बापानं कधी त्या दिवशी कोयता उचलला नव्हता. चांगोही पक्कड उचलत नसे. सुट्टीचा दिवस, कुणाचं काही बिघडत नसे.

दुपारी अंबूबाई धावत आली. ती आणि तिचा नवरा सखा जवळच्या वाडीवर म्हशी पाळत, नाक्यावर दूध घालत. तिचा पदर खांद्यावरून सुटला होता आणि लुगड्यावर रक्त होतं. ते तिचं नव्हतं.

"चांगो, तुजा फोन बोलत नाय रं!"

"कोनाचा फोन?"

"लडकूचा. दुकानातला. नुस्ताच मुका. आमच्या ह्यांना म्हशीनं मारलंय. पोटात शिंग घातलंय. व्यालेली म्हस, पारडू धरायला गेले नि... कर्जतच्या दवाखान्याची जीप बोलवायची हाय. फोनच लागत नाय."

"सखा हाय कुठं?"

"नाक्यावर. बाजल्यावर घालून आनलाय."

"पदूचा टेंपो हाय ना तिथं?"

अंबूबाईनं त्याच्याकडं बघितलं. "तो म्हनतो, आज चाक हलवायचं नाय. टेंपो पुजलाय. चाकाखाली लिंबं ठेवलीत. म्हनतो, अगं वयनी, फोन कर ना, सरकारी गाडी येईल, ती बरी, झोपवून नेतात." ती थांबली. "ह्ये बाजल्यावर पडलेत नि तो त्येंच्या अंगावरनं पलीकडं मानसांना तीर्थ देतोय."

चांगोच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. त्यानं कपाट उघडलं.

आधी त्याला वाटलं बॅटरी बसली असेल. आदल्या महिन्यात तसं झालं होतं. तो बॅटऱ्यांपाशी उकिडवा बसला. काचेतून पाणी बघितलं, तारांची टोकं बोटांनी दाबून बघितली. एक टोक सैल वाटलं. ते आवळायला पक्कड हवी होती. पक्कड पाटावर होती. त्यानं तिकडं एकदा बघितलं आणि टोक बोटांनीच आवळत बसला. नख तुटलं. अंबूबाई दारात उभी राहून त्याच्या पाठीकडं बघत होती.

बॅटरी ठीक होती. ते टोकही ठीक होतं.

मग त्यानं मान वर केली आणि फाइंडरांकडं बघितलं. सातही वर चढून उभे होते. एकही खाली नव्हता. कपाटात खटखट नव्हती, काही नव्हतं. सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, सात जण एकदम बोलतायत आणि कुणीच काही बोलत नाही.

त्यानं एकाची कळ अंगठ्यानं दाबली. फाइंडर सुटून खाली पडला. श्वास घ्यायच्या आत पुन्हा खटखट वर चढला आणि वळून थांबला. त्यानं पुन्हा पाडला. पुन्हा चढला. कुणीतरी रिसिव्हर काढून ठेवला होता, आणि नुसता एकानं नाही. सातांच्या मागंही आणखी लोक वाट अडवून बसले होते. एक पान रिकामं झालं की लगेच दुसरा जेवलेला त्यावर येऊन बसत होता.

फाइंडर किती उंच चढलाय आणि किती वळलाय यावरून घराचा नंबर वाचता येतो. चांगोनं पहिलाच वाचला. अकरा. मालोजीशेटचा.

मालोजीशेट भातगिरणीचा मालक. गावातला पहिला फोन त्याच्याकडं आला होता. चांगोचं डोकं फिरलं. उरलेले सहा वाचायला तो थांबलाच नाही.

"तू हितंच थांब," तो अंबूबाईला म्हणाला आणि पळत सुटला.

मालोजीशेटच्या ओटीवर चौरंग मांडला होता. चौरंगावर फोन. फोनवर शाल. पुढं तांब्याच्या ताम्हनात तांदळाची रास, आणि राशीवर रिसिव्हर उताणा झोपवलेला. बोलायच्या बाजूला कुंकवाचं बोट उठवलं होतं. त्यावर साखर ठेवली होती, नैवेद्य म्हणून. वरून तीर्थ शिंपडलं असणार, कारण साखरेचा चिकट पाक झाला होता. मुंग्या एका भोकातून आत जात होत्या आणि दुसऱ्या भोकातून बाहेर येत होत्या.

चांगोचा हात खिशातल्या चिंधीकडं गेला.

"आरं, पायतान काढ," आतून मालोजीशेटचा आवाज आला. तो जेवून हात पुसत बाहेर आला. "ये, ये. परसाद घेऊन जा."

"शेट, त्यो रिसिव्हर जाग्यावर ठेवा."

"का रं?"

"सख्याला म्हशीनं मारलंय. नाक्यावर पडलाय. कर्जतला फोन लागत नाय."

"आरारा." मालोजीशेटनं खरोखर वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. "मग कर की फोन."

"लागत नाय म्हनून सांगतोय. तुमी रिसिव्हर काढून ठेवलाय. वाट अडलीय."

"मी कुठं बोलतोय कोनाशी? बघ, निजलाय बिचारा."

"बोलत नाय तरी वाट अडते. मी पंगतीचं सांगितलं होतं ना तुमाला?"

"त्ये जेवनाऱ्यांचं. हितं कोन जेवतंय?" मालोजीशेट हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "ह्ये बघ चांगो. पुजलेल्याला हात नाय लावायचा. उद्या सोनं लुटलं की मी सोता उचलून ठेवीन. आनि माजा एकट्याचा थोडाच हाय? अख्ख्या पेठेनं पुजलेत. माजं बघून सगळे करतात."

"मानूस मरतंय, शेट."

"देव हाय त्याला." मालोजीशेटनं पानाचा विडा तोंडात सरकवला आणि चांगोच्या रिकाम्या हातांकडं बघितलं. "तुज्या हातात आज पक्कड नाय दिसत. नेमी अस्ते. कुठं ठेवलीस?"

चांगोनं मुठी मिटल्या.

"पुजलीस ना?" मालोजीशेट म्हणाला. "मग."

चांगोला तिथंच रिसिव्हर हिसकून आपटता आला असता. तो तसा माणूस होता. पण त्या एका शब्दावर तो मागं फिरला. ओटीच्या पायऱ्या उतरताना त्याला मुंग्या दिसत राहिल्या.

नाक्यावरून परत येताना त्यानं सखाला बघितलं. बाजलं पदूच्या टेंपोच्या सावलीत ठेवलं होतं. टेंपोला केळीचे खुंट बांधले होते. सखाच्या पोटावर कुणीतरी धोतर करकचून बांधलं होतं, आणि ते पांढरं राहिलं नव्हतं. सखाचे डोळे उघडे होते. तो वर टेंपोच्या तोरणाकडं बघत होता. भोवती माणसं होती. कुणी वारा घालत होतं, कुणी म्हशीची जात सांगत होतं. पदू म्हणत होता, "इंजिन पन थंड हाय ना, उगा मधीच बंद पडली तर?"

चांगो थांबला नाही. थांबला असता तर त्यानं पदूच्या तोंडावर थुंकलं असतं, आणि त्यानं आयुष्यात कुणावर थुंकलं नव्हतं.

एक्स्चेंजच्या खोलीत तो सरळ पाटापाशी गेला. झेंडू हातानं बाजूला लोटले आणि पक्कड उचलली. कुंकू बोटांना लागलं. इंदूबाई दारात आली होती. "अवो!" ती म्हणाली. त्यानं वळून बघितलं नाही.

भिंतीवरच्या फ्रेमवर प्रत्येक घराची तार येते. तिथला फ्यूज काढला की ते घर तुटतं, त्याचा फाइंडर सुटतो. वरच्या हुकुमाशिवाय कुणाचीही लाइन तोडायची नाही, हा खात्याचा पहिला नियम. चांगोनं पक्कड फ्रेमला लावली आणि कुठले फ्यूज काढायचे ते बघायला फाइंडर वाचायला घेतले. अकरा, मालोजीशेट. एकवीस, खताचं दुकान. चौदा, सरपंच. बत्तीस, पदू. पदूकडंही फोन होता, आणि तोही पुजलेला.

पुढचा वाचला आणि तो जागच्या जागी उभा राहिला.

पन्नास.

पन्नास नंबर एक्स्चेंजचा स्वतःचा होता. त्याच्या मागच्या फळीवरचा.

त्यानं पक्कड खाली टाकली. फळीवरची फुलं दोन्ही हातांनी ओरबाडली. फोन निघाला. रिसिव्हर जागेवर नव्हता. तो फोनच्या पुढ्यात आडवा, फुलांच्या थराखाली, कुंकू लावून झोपवलेला होता. चांगोनं तो कानाला लावला.

घुं.

टोन सकाळपासून तिथं होता. त्याच्या हातापासून दोन वितींवर, झेंडूच्या खाली, कुणीतरी नंबर फिरवील म्हणून वाजत होता. अंबूबाई पहिल्यांदा दारात आली तेव्हाही होता. तो बोटांनी बॅटरीची टोकं आवळत होता तेव्हाही होता. पुजलेल्या वस्तूला हात लावायचा नाही म्हणून त्यानं फळीकडं बघितलंसुद्धा नव्हतं.

"म्या ठेवला खाली," इंदूबाई हळू आवाजात म्हणाली. "शेटच्या घरी तसाच ठेवत्यात. मला वाटलं..."

त्यानं शून्य फिरवलं.

कर्जतच्या ऑपरेटर बाईंनी उचललं. "काय हो, तुमचं एक्स्चेंज सकाळपासून मुकं! झोपलात का सगळे?"

"दवाखाना द्या," चांगो म्हणाला. "लवकर. मानूस फाटलंय."

जीप आली. तिच्या बॉनेटवरही झेंडूची माळ होती. ड्रायव्हर ती न काढताच आला होता, आणि वाऱ्यानं फुलं अर्धी झडली होती. सखाला उचलताना सगळ्यात मोठ्यानं पदू ओरडत होता. "हळू! हळू धरा! पाय धर रं, मुंडी सांबाळ!" जीप वळली तेव्हा त्यानं मागच्या फळीवर दोनदा थाप मारून ड्रायव्हरला जायची खूण केली, जसं काही तीच त्याची गाडी होती.

अंबूबाई जीपमध्ये चढताना चांगोकडं वळली. "देवासारका धावलास रं," ती म्हणाली.

त्याला तिथंच ओकारी झाली. लोकांना वाटलं रक्त बघून झाली.

मग तो परत गेला आणि त्यानं एकेक फ्यूज उपटला. एक सुटला की दुसरा पुजलेला फोन चढे. तोही तोडला. अंधार पडेपर्यंत पेठेतले बहुतेक फोन तुटले होते आणि कपाटात सातही फाइंडर खाली, मोकळे होते. एक्स्चेंज इतकं निरोगी कधीच नव्हतं. इंदूबाईनं ताट वाढलं. तो बोटं हुंगायला विसरला. जेवलाही नाही.

"मला बोल ना काय ते," इंदूबाई म्हणाली.

"तुला काय बोलू?" तो म्हणाला. "तुला नव्हतं शिकवलं कोनी. मला शिकवलं होतं."

दसऱ्याला सकाळी कर्जतहून फोन आला. सखाचं पोट शिवलं होतं. आतडं थोडं कापावं लागलं. रक्त खूप गेलं होतं. आणखी उशीर झाला असता तर उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. पण तो शुद्धीवर आला होता आणि म्हशीला शिव्या देत होता. चांगोनं रिसिव्हर ठेवला आणि नीट बसलाय ना ते दाबून बघितलं.

संध्याकाळी गाव सोनं लुटून परतलं. माणसं आपट्याची पानं घेऊन घरोघर फिरू लागली, पाया पडू लागली, गळ्यात पडू लागली. एक्स्चेंजच्या दारात मालोजीशेट आला. नवं धोतर, कपाळाला गुलाल, हातात पानं. मागं पदू, आणखी दोघंतिघं.

"चांगो, फोन मेलाय रं माजा. पूजा उतरवली, रिसिव्हर ठेवला, उचलून बघतो तर काय नाय."

"म्या तोडलाय."

"तोडलास?"

"काल. सगळ्यांचे तोडलेत."

मालोजीशेटचा चेहरा क्षणभर आवळला. मग तो मोठं मन करून हसला. "बरं जाऊ दे. सनासुदीचं तक्रार नाय करत मी. सखा वाचला ना? वाचला. मी सांगितलं नव्हतं, देव हाय? अख्ख्या पेठेची पूजा त्याच्या पाठीशी उभी ऱ्हायली. पूजा मोडली असती तर काय झालं असतं कोन जाने."

"खरं हाय," मागून पदू म्हणाला. "पूजेनंच वाचला."

चांगोनं त्या चेहऱ्यांकडं बघितलं. कुणीही खोटं बोलत नव्हतं. त्यांना तसंच वाटत होतं. त्याला शिसारी आली ती स्वतःचीच. काल सकाळी हात जोडून तोही यांच्यातच उभा होता, आणि अंबूबाईनं दुसऱ्या कुणाच्या दारात हाक मारली असती तर तोही आज असंच म्हणाला असता.

तो उठला. पक्कड घेतली. फ्रेमपाशी जाऊन त्यानं अकराचा फ्यूज बसवला, मग एकवीसचा, चौदाचा, बत्तीसचा, आणि बाकीचे सगळे. ते त्याचं काम होतं. वळून म्हणाला, "बोला जा आता."

मालोजीशेट पुढं झाला. "सोनं घे," तो म्हणाला, आणि आपट्याचं पान पुढं केलं.

दसऱ्याला कुणी पान पुढं केलं की घ्यायचंच असतं. वैऱ्याचंही घेतात. जमिनीचे खटले लढणारे भाऊ त्या एका संध्याकाळी एकमेकांचं घेतात. मालोजीशेट हात पुढं करून उभा राहिला. पदूनं आपलं पानही तयार ठेवलं होतं.

चांगोनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"घे ना रं," मालोजीशेट म्हणाला. "राग आला काय?"

"नाय शेट. तुमच्यावर नाय."

"मग?"

चांगोचे हात पाठीमागंच राहिले. इंदूबाई दारातून बघत होती. बाहेर रस्त्यावर माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. मालोजीशेटचा हात तसाच पुढं राहिला. मग त्यानं ते हळूच फोनच्या फळीवर ठेवलं आणि निघाला, आणि बाकीचेही त्याच्यामागून गेले.

कपाटात एक फाइंडर खटखट वर चढला. पेठेत कुणीतरी कुणालातरी दसऱ्याच्या शुभेच्छा द्यायला फोन उचलला होता. चांगो फाइंडरकडं बघत उभा राहिला. बोलणं संपलं, रिसिव्हर ठेवला गेला, तो खाली आला. मग चांगोनं पान उचललं, दोन बोटांत धरून, आणि खिडकीबाहेर टाकलं.